दाढेत काय भरावे? चिनी माती, झिर्कोनिया आणि प्लास्टिक यांच्या बळाविषयी

(पातूर येथे विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा, वाचकांसाठी थोडा वाढवून लिहिलेला मजकूर)



दातांवर व्याख्यान म्हटले की ब्रश कसा धरावा यावर आता पाऊण तास जाणार, अशी धास्ती काहींच्या चेहऱ्यावर दिसते. ती बाळगू नये. ब्रशचे तुमचे शिक्षक सांगतातच. मला बोलावयाचे आहे ते दात किडल्यानंतरचे. कीड कोरून काढल्यावर जे भोक उरते त्यात काय भरावयाचे, आणि दाढेवर कॅप बसवावयाची तर ती कशाची बसवावयाची, एवढाच आजचा विषय आहे.

पातुरातला माणूस दाढ ठणकते म्हणून अकोल्यास जातो. डॉक्टर तपासतात आणि विचारतात, सिरॅमिकची कॅप बसवू की झिर्कोनियाची? भरताना कॉम्पोझिट भरू की साधे सिमेंट? यावर बहुतेकांचा एकच उलट प्रश्न असतो: "साहेब, यातले सगळ्यात मजबूत कोणते?" प्रश्न प्रामाणिक आहे. घामाचा पैसा घालावयाचा तर वस्तू टिकावी असे कोणासही वाटणारच. परंतु हा प्रश्न अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पुष्कळ लोक भलतीच वस्तू घेऊन घरी येतात. तो पुरा कसा करावा हे मी तुम्हास सांगणार आहे.

"मजबूत" हा आपल्या बोलण्यातला मोठा सोयीचा शब्द. दोर मजबूत, भिंत मजबूत, बैल मजबूत, आणि दाताची कॅपही मजबूत. पदार्थविज्ञानाला मात्र या एका शब्दाने भागत नाही. त्याला निदान चार शब्द लागतात. ते चारही शब्द बांगड्यांच्या दुकानात उभ्या उभ्या समजतात. काचेच्या बांगडीवर नखाने ओरखडा उठत नाही, प्लास्टिकची बांगडी महिनाभरात खरबरीत होते, हे काठिण्य. काचेची बांगडी दोन बोटांत दाबा, ती आकार बदलत नाही. प्लास्टिकची लांबट होते आणि सोडली की पुन्हा गोल होते. वाकण्यास होणाऱ्या या विरोधाला ताठरपणा म्हणू. मोडेपर्यंत वस्तू किती भार सोसते ते तिचे बळ. आणि चौथा गुण, जो सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित, तो चिवटपणा. काचेच्या बांगडीस बारीक तडा गेला की ती फार काळ हातात राहत नाही. प्लास्टिकला चीर पडली तरी बांगडी कित्येक दिवस चालते. पडलेली चीर पुढे सरकू न देणे म्हणजे चिवटपणा. काच कठीण आहे, ताठर आहे, पण चिवट नाही. प्लास्टिक चिवट आहे, पण कठीण नाही आणि ताठर तर मुळीच नाही. दातात भरावयाच्या साऱ्या पदार्थांची कथा या दोन बांगड्यांच्या मधोमध कुठेतरी आहे.

आता आपला स्वतःचा दात पाहा. वरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल, पाठ्यपुस्तकातले दंतवल्क. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि मानवी शरीरात त्याहून कठीण काही नाही. त्याचा ताठरपणा सुमारे ८० गिगापास्कल भरतो. आकडा पाठ करू नका, पुढे तुलना करावयाची आहे म्हणून नुसता ध्यानात ठेवा. त्याच्याखाली डेंटिन. हे हाडासारखे, खनिज सुमारे ७० टक्के, उरलेले तंतू आणि पाणी. त्याचा ताठरपणा १५ ते २० गिगापास्कल, म्हणजे इनॅमलच्या पाव हिश्श्याइतका. ठिसूळ कवच चिवट गादीवर बसविलेले, अशी ही रचना आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाचे दात बाजूने उजेड पाडून पाहिले तर इनॅमलवर बारीक उभ्या रेषा दिसतात. त्या खरोखरीच्या चिरा असतात. वर्षानुवर्षे त्या तेथेच राहतात, कारण इनॅमल आणि डेंटिन यांच्या सांध्यापाशी त्या बहुधा अडतात. कोणत्याही कारखान्यास असा सांधा अद्याप हुबेहूब साधलेला नाही. परंतु इनॅमल एकदा गेले की परत उगवत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच संपून जातात.

या दाताला काम किती? नेहमीचे अन्न चावताना दाढांवर साधारण ७ ते १५ किलो वजनाइतका जोर पडतो. दात आवळून पूर्ण शक्ती लावली तर धडधाकट माणसाच्या दाढा ५० ते ८० किलोपर्यंत जोर देतात. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, हे तुम्हास ठाऊक आहे. प्रयोगशाळेत चावण्याचे यंत्र असते. त्यात सुमारे अडीच लाख आवर्तने झाली की तोंडातले एक वर्ष झाले असा हिशेब धरतात. म्हणजे दहा वर्षे टिकावयाच्या कॅपला पंचवीस लाख ठोके सोसावयाचे आहेत, आणि तेही ओल्या जागी. त्यात आपला वऱ्हाडचा उन्हाळा. वाफाळता चहा आणि त्यापाठोपाठ बर्फाचे पाणी, हे येथे नवलाचे नाही. उष्णतेने प्रत्येक पदार्थ फुगतो, पण सारखा फुगत नाही. झिर्कोनिया जवळजवळ दाताइतकेच फुगते. कॉम्पोझिट दाताच्या दोन ते चार पट आणि साधे ॲक्रिलिक सहा-सात पट. दर चहाला भरलेला पदार्थ दाताच्या भिंतीशी थोडी ओढाताण करतो, हे ओघाने आलेच.

कोणता पदार्थ वापरावा ही चिंता आजची नाही. स्पेनमधील कोर्डोव्याचे अबुल कासिम अल-जहरावी हे थोर शल्यविशारद १०१३ च्या सुमारास वारले. त्यांच्या "अत्तसरीफ" या ग्रंथात हलणारे दात तारेने बांधून ठेवण्याची रीत दिलेली आहे. तार सोन्याची घ्यावी, कारण चांदी तोंडात खराब होते आणि सोने बदलत नाही, असे ते बजावतात. पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात घडवून बसविता येतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. पाहा, हजार वर्षांपूर्वीही हा माणूस नुसत्या बळाकडे पाहत नाही. तोंडाच्या ओलाव्यात पदार्थाचे काय होईल ते पाहतो. आपल्या देशात या विद्येचा पाया घालणारे डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन ते परतले आणि १९२० साली कलकत्त्यास त्यांनी देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जे पाठ्यपुस्तक लिहिले ते १९२८ सालचे, आणि तेही दात कोरण्या-भरण्याच्या शास्त्रावरच. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. आपल्या मुलांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. असो.

आता चिनी मातीकडे वळू. अठराव्या शतकात पॅरिसजवळच्या दुशातो नावाच्या एका औषधविक्याला प्राण्याच्या दातापासून कोरलेल्या आपल्या कवळीच्या वासाचा वीट आला. त्याने १७७४ च्या सुमारास चिनी मातीच्या कारखान्यात कवळी भाजून घेण्याची खटपट केली. वास गेला, पण भट्टीत माती आकसते, त्यामुळे कवळी तोंडात बसेना. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत चिनी मातीच्या कॅपा निघाल्या. त्या दिसावयास सुंदर, पण दाढेवर ठेवल्या की फुटत.

त्या का फुटत हे समजण्यास आपल्या पातूरची लेणी उत्तम. एवढा डोंगर डोक्यावर घेऊन दगडी खांब शतकानुशतके उभे आहेत. दाब सोसण्यात दगडाचा हात कोणी धरणार नाही. पण त्याच दगडाची लांब, पातळ फरशी दोन टोकांवर ठेवून मध्ये उभे राहा. ती खालच्या अंगाने उकलते. वाकताना खालचे अंग ताणले जाते, आणि ताण दगडाला, काचेला, चिनी मातीला सोसत नाही. कारण इंग्लंडमधील ग्रिफिथ या अभियंत्याने १९२१ साली दाखवून दिले: काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा आधीपासूनच असतात. दाबले की त्या मिटतात, ताणले की उघडतात आणि चिरत जातात.

मुलांनो, हे तुम्हास वर्गातच पाहता येईल. एकाच डब्यातले वीस खडू घ्या. प्रत्येक खडू दोन विटांच्या मधल्या फटीवर आडवा ठेवा, मध्ये दोऱ्याने डबी टांगा आणि तीत थोडी थोडी रेती टाकत जा. खडू मोडताच रेती तोला आणि आकडा लिहा. वीसही आकडे सारखे येणार नाहीत. काही खडू बरेच आधी मोडतील, काही हट्टाने टिकतील, जरी डबा एक आणि कारखाना एक. आता दुसऱ्या वीस खडूंच्या खालच्या अंगावर ब्लेडने बारीक रेघ ओढून तोच प्रयोग करा, म्हणजे त्या रेघेची किंमत रेतीच्या वजनात कळेल. साखळी तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकीच बळकट असते. ठिसूळ पदार्थांचे हे गणित १९३९ साली स्वीडनच्या वायबुल यांनी मांडले आणि आजही दाताच्या प्रत्येक सिरॅमिकचा कस त्यांच्याच रीतीने लावतात. "आमच्या कॅपचे बळ अमुक इतके" असे जाहिरातीत वाचले की समजावे, ही सरासरी आहे. तुमच्या तोंडात सरासरी कॅप बसत नाही, एकच कॅप बसते, आणि ती वीस खडूंपैकी कोणता खडू आहे ते बाहेरून दिसत नाही.

डबी टांगण्याचा हा प्रयोग म्हणजे जगभर मान्य झालेल्या कसोटीचे घरगुती रूप आहे. दातात भरावयाच्या कॉम्पोझिटची २ मिलिमीटर जाड आणि २ मिलिमीटर रुंद काडी करून एक दिवस शरीराच्या तपमानाच्या पाण्यात ठेवतात आणि दोन टेकूंवर ठेवून मध्ये मोडतात. दाढेच्या चावणाऱ्या पृष्ठभागावर वापरावयाचे तर तिचे बळ निदान ८० मेगापास्कल भरले पाहिजे. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाचा भार. टेकूंमध्ये २० मिलिमीटर अंतर असेल तर ८० मेगापास्कलची काडी दोन किलोच्या थोडे वर मोडते. तेवढीच काडी जुन्या पद्धतीच्या चिनी मातीची असेल तर दीड ते तीन किलोवर, लिथियम डायसिलिकेट या नव्या काचसिरॅमिकची असेल तर सुमारे दहा किलोवर, आणि झिर्कोनियाची असेल तर पंचवीस किलोच्या आसपास. बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हेही यातच आले. जाडी निम्मी केली की भार चौथाई होतो. कॅप बसविण्यापूर्वी डॉक्टर दाढ चहूकडून घासतात ते याच कारणाने. पदार्थाला हवी तेवढी जाडी मिळाली पाहिजे. झिर्कोनिया पातळ चालते, म्हणून दाढ कमी घासावी लागते, आणि हा तिचा मोठाच गुण आहे.

झिर्कोनिया हे नाव अलीकडे सर्वांच्या तोंडी आहे. आयाबहिणी दागिन्यात "अमेरिकन डायमंड" म्हणून जो खडा वापरतात तो झिर्कोनियाचाच असतो. मात्र खड्यातल्या अणूंची रचना वेगळी आणि दाढेच्या कॅपमधली वेगळी. कॅपमधल्या झिर्कोनियात एक गंमत आहे. चीर तिच्यातून धावू लागली की चिरेच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलतात आणि चार-पाच टक्क्यांनी फुगतात. फुगल्यामुळे चीर दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि अडखळते. ऑस्ट्रेलियातील गार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी तिला पोलादी सिरॅमिक असेच म्हटले होते. ठिसूळ पदार्थाला चिवटपणा देण्याची ही युक्ती माझ्या मते या साऱ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर युक्ती होय.

पण तिचीही दुसरी बाजू आहे. बहुतेक साधी झिर्कोनिया खडूसारखी पांढरी दिसते. पुढच्या दातांत ती शोभत नाही, म्हणून कारखानदारांनी तिच्यात यिट्रिया नावाचे द्रव्य वाढवून ती पारदर्शक केली. असे केल्याने ती दागिन्यातल्या खड्याच्या जवळ जाते, देखणी होते, आणि फुगून चीर अडविण्याचा गुण बराचसा गमावते. बळ निम्म्यावर येते. दुकानाच्या पाटीवर मात्र दोहोंचे नाव एकच, झिर्कोनिया. भाजणीही तितकीच महत्त्वाची. खुब्याच्या सांध्यात बसविण्याचे झिर्कोनियाचे गोळे फ्रान्समधील एका कारखान्यात होत. तेथे भट्टीची रीत बदलल्यावर त्यातले कित्येक गोळे रोग्यांच्या शरीरात फुटले आणि २००१ साली ते बाजारातून परत बोलवावे लागले. पदार्थ तोच, भट्टी वेगळी!

सिरॅमिकचा आणखी एक वैरी म्हणजे पाणी. काचेचे कण ज्या बंधांनी जोडलेले असतात त्या बंधांवर, चिरेच्या टोकाशी ताण असताना, पाण्याचा रेणू घाव घालतो. त्यामुळे मोडण्याइतका भार नसतानाही चीर रोज थोडी थोडी पुढे जाते. "परवापर्यंत चांगली होती, काल मऊ भात खाताना फुटली," अशी तक्रार रोगी करतो तेव्हा त्याला खोटे मानू नये. ती कॅप कालच्या भाताने फुटलेली नसते.

आता प्लास्टिककडे. ॲक्रिलिक दंतविद्येत आले १९३७ साली, आणि त्यापूर्वीची काळपट रबरी कवळी हळूहळू इतिहासजमा झाली. ॲक्रिलिकचा ताठरपणा दोन-तीन गिगापास्कल, म्हणजे इनॅमलच्या तिसाव्या हिश्श्याइतका. काढता-घालता येणाऱ्या कवळीस ते योग्यच आहे. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या तोंडची भाकरी त्यानेच राखली आहे. परंतु गावोगाव आठवडी बाजारात, रस्त्याच्या कडेला बसून, पूड आणि द्रव कालवून तेच ॲक्रिलिक शेजारच्या दातांना तारेसकट कायमचे चिकटवून देणारे लोक असतात. तेथे स्पष्ट बोलले पाहिजे. ते कालवण तोंडातच घट्ट होताना तापते. न मुरलेला द्रव हिरडी जाळतो. त्याखाली ब्रश पोहोचत नाही. आणि असा दात दोन चांगल्या दातांच्या जिवावर उभा राहतो, तोही उष्णतेने सहा-सात पट फुगणारा. एक दात स्वस्तात बसवून पुढे तीन गमावण्याचा हा व्यवहार आहे. दोष ॲक्रिलिकचा नव्हे. ते ज्या कामास केले नाही त्या कामास लावले, एवढेच.

दाढ भरण्यास जे दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट वापरतात ते निराळे. अमेरिकेतील बोवेन यांच्या १९६२ सालच्या पेटंटातून ते उभे राहिले. त्याची रचना काँक्रीटसारखी समजावी. काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंट, तसे यात काचेचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारे प्लास्टिक. फरक इतकाच की काचेच्या प्रत्येक कणाला आधी अशा द्रव्याचे पूट दिलेले असते की ज्याचा एक हात काचेला धरतो आणि दुसरा प्लास्टिकला. खडी भरपूर असेल तर ताठरपणा दहा-पंधरा गिगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ डेंटिनच्या पंक्तीला. बळ ८० ते १६० मेगापास्कल. झिर्कोनियाच्या मानाने हे काहीच नव्हे. पण ते गोंदासारख्या द्रवाने दाताशी चिकटते आणि उरलेल्या भिंतींना बांधून धरते.

त्याचे वैगुण्य असे की घट्ट होताना ते आकारमानाने दोन-तीन टक्के आकसते. भोक एकदम भरले तर आकसताना ते एका भिंतीपासून सुटते, आणि त्या फटीतून कीड पुन्हा आत शिरते. शिवाय ते निळ्या उजेडाने घट्ट होते आणि नेहमीच्या कॉम्पोझिटमध्ये हा उजेड दोनएक मिलिमीटरपेक्षा खोल नीट पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर थोडे भरतात, दिवा धरतात, पुन्हा थोडे भरतात. खुर्चीवर बसलेला माणूस कंटाळतो आणि "लवकर आटपा" म्हणतो. त्याने तसे म्हणू नये. दिव्याची बॅटरी उतरलेली असेल किंवा दिवा दाढेपासून दूर धरला असेल, तर वरून कडक आणि खाली कच्चे असे भरण तयार होते. डबीवर लिहिलेले ८० किंवा १०० मेगापास्कल पुरता उजेड मिळालेल्या काडीचे असतात, तुमच्या दाढेच्या तळाचे नव्हेत.

येथवर आल्यावर सुरुवातीचा प्रश्न पुरा करता येईल. "सगळ्यात मजबूत कोणते" एवढ्यावर थांबू नका. "हे मोडले तर काय मोडेल?" हेही विचारा. भरण मोडेल, की दाढ?

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुळात बसवावयाच्या खिळीचे. रूट कॅनाल केलेल्या दाढेचा वरचा भाग फारच गेला असेल तर मुळात खिळी रोवून तिच्या आधाराने वरचे बांधकाम करतात. पूर्वी ही खिळी धातूचीच असे. धातू डेंटिनहून कितीतरी ताठर. डेंटिन किंचित वाकते, खिळी वाकत नाही. सारा जोर एका ठिकाणी एकवटतो आणि मूळ उभे फाटते. मूळ फाटले की दाढ काढण्यावाचून गत्यंतर नाही. खिळी मात्र शाबूत! पुढे काचतंतू आणि राळ यांच्या खिळ्या आल्या. बळाने त्या धातूहून कमी, पण ताठरपणाने डेंटिनच्या पुष्कळ जवळ. त्याही निकामी होतात, परंतु बहुतेक वेळा चिकटविलेला जोड सुटतो आणि पुन्हा बसविता येतो. कागदावर कमजोर असलेली खिळी दाढ वाचविते. कॉम्पोझिटचा कोपरा उडाला तर त्याच खुर्चीत, त्याच दिवशी, त्यावर नवे कॉम्पोझिट चढविता येते. झिर्कोनियाची कॅप सहसा मोडत नाही. मोडली, किंवा खालच्या दाढेत काही बिघडले, तर ती पोलादाइतकी ताठर वस्तू हिऱ्याच्या बरने कापून काढावी लागते. म्हणून झिर्कोनिया वाईट असे मी म्हणत नाही. मोठा जोर पडणाऱ्या दाढेवर, पुरेसा दात उरलेला असताना, ती उत्तम. लहानशा भोकासाठी चांगल्या दाढेवर कॅप चढविणे मात्र मला पटत नाही.

झिर्कोनियाच्या कॅपेबरोबर पुष्कळ ठिकाणी दहा-पंधरा वर्षांच्या हमीचे कार्ड मिळते. लोक ते रेशनकार्डासारखे जपून ठेवतात. ठेवावे. परंतु कार्डावर हमी कॅपची असते. तिच्या समोरच्या दाढेची नसते, आणि तिच्या खालच्या मुळाचीही नसते.

समोरच्या दाढेविषयी एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. झिर्कोनिया इनॅमलच्या तिप्पट-चौपट कठीण, तेव्हा ती समोरचा दात खाऊन टाकणार, असे कोणासही वाटेल. प्रयोगांत उलटे दिसले. आरशासारखी घोटलेली झिर्कोनिया समोरचे इनॅमल जुन्या चिनी मातीपेक्षा कमी झिजविते. झीज नुसत्या काठिण्याने होत नाही, खरबरीतपणाने होते. घरच्या वरवंट्यावरून हात फिरवा. घासून गुळगुळीत झालेला वरवंटा आणि नुकताच टाकी लावलेला पाटा, दगड एकच, पण दळण वेगळे. आता होते असे की कॅप बसविल्यावर ती थोडी उंच लागते, म्हणून डॉक्टर ती तोंडातच घासतात. तेथे टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरबरीत डाग तयार होतो. तो पुन्हा घोटून गुळगुळीत केलाच पाहिजे. खुर्चीवरून उठण्यापूर्वी, "साहेब, घासलेल्या जागी पॉलिश केले का?" एवढे विचारण्यास संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरास या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि आता खर्रा. त्यातल्या तंबाखूचे दुष्परिणाम तुम्ही ऐकलेले आहेत; मी येथे सुपारीविषयीच बोलतो. सुपारी कडक, आणि ती तासन् तास दाढेखाली असते. अडीच लाख आवर्तनांचा जो हिशेब सांगितला तो जेवणाऱ्या माणसाचा होता, दिवसभर सुपारी रगडणाऱ्याचा नव्हे. अशा दाढांची टोके झिजून सपाट होतात आणि डेंटिन उघडे पडते. तेथे कॉम्पोझिट झिजते, चिनी मातीचे टवके उडतात, आणि झिर्कोनिया टिकलीच तर समोरच्या उघड्या डेंटिनवर घाव पडत राहतो. याहून कठीण गोष्ट अशी की सुपारीने गालाची आतली कातडी ताठर दोरीसारखी होते आणि तोंड उघडेनासे होते. दोन बोटे आत जात नाहीत तेथे मागच्या दाढेपर्यंत निळा दिवा नेणार कसा, आणि कॅप सरळ बसविणार कशी? या तोंडासाठी कोणत्याही कारखान्याने पदार्थ काढलेला नाही.

व्याख्यान संपल्यावर एका पालकांनी विचारले की लहान मुलांच्या दुधाच्या दाढेत काय भरावे, ती तर पडणारच आहे. त्यांना दिलेले उत्तर येथे लिहून ठेवतो. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकावयाची असते. ती आधी गेली तर कायमच्या दाताची वाट चुकते. तिच्यासाठी ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट पुष्कळदा पुरते. ते इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधले आणि १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध केले. बळाच्या परीक्षेत हे बिचारे शेवटच्या बाकावर बसते. आपली दोन किलोची काडी याची केली तर ती किलोभराच्या आतच मोडते. पण ते ओल्या दातालाही रासायनिक रीतीने चिकटते, कॉम्पोझिटसारखे एकाएकी आकसत नाही, दिव्यावाचून घट्ट होते आणि फ्लोराइड सोडत राहते. कीड हाताच्या हत्याराने खरवडून, यंत्रावाचून आणि बहुधा सुईवाचून, ते भरता येते. टांझानियात १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत बसविली गेली. वीज नसलेल्या गावात टेबलावर मुलाला निजवून हे काम होते. दाढेच्या एकाच पृष्ठभागावर भोक असेल तर ते चांगले टिकते. दोन दाढांच्या मधली बाजू खचली असेल तर टिकाव कमी, आणि तेथे मुलास नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या दंत महाविद्यालयात दाखवून घ्यावे. भरल्यावर पहिला तासभर मुलाला काही चावावयास देऊ नका. सिमेंट त्या वेळी पाणी आणि जोर दोन्हीला हळवे असते.